मस्टरवर आजीचं नाव

[माळरान, सकाळची वेळ. पुढं दोन शेळ्या, मागं काठी टेकत चालणारी आजी.]

सातारा म्हटलं की लोकांना महाबळेश्वर आठवतं, धुकं, धबधबे, वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. हा त्याच जिल्ह्याचा पूर्वेकडचा भाग, माण तालुका. इथं पाचशे मिलिमीटर पडला तरी लोक म्हणतात यंदा बरं झालं. माणगंगा नकाशावर नदी आहे पण वर्षातले कितीतरी महिने तिच्या पात्रातून मोटरसायकली कोरड्या जातात.

शेळ्यांच्या मागं चाललीय ती माझी आजी. वय विचारलं तर म्हणते, "पत्री सरकारच्या येळंला मी आयच्या कडंवर हुते." पत्री सरकार म्हणजे १९४३ च्या पुढचा काळ, त्यावरून आम्ही हिशोब लावला की ती आता पंच्याऐंशीच्या आसपास असणार. आधारकार्डावर १ जानेवारी छापलंय, शाळेत न गेलेल्या गावातल्या बऱ्याच जणांच्या कार्डावर तीच तारीख आहे.

पंधराव्या वर्षी लग्न होऊन ती या घरात आली. तेव्हापासून इथं जे शिजलं, जे सारवलं गेलं, जे पोर वाढलं ते तिच्या हातून. आणि तरी मध्यंतरी एका फॉर्मवर तिचा व्यवसाय लिहायची वेळ आली तेव्हा घरातलंच कुणीतरी सहज म्हणालं, लिही काही नाही. ते मला फार लागलं. म्हणून या फिल्ममधे मी तिच्या मायेबद्दल कमी बोलणार आहे, ती तुमच्या आजीतही आहे, मी वेगळं काय सांगू. मला तिच्या कामाबद्दल बोलायचंय, ते कुठल्या कागदावर लागलं आणि कुठल्या नाही त्याबद्दल.

[जातं. कॅमेरा खुंट्यावर येतो.]

हा खुंटा बघा, बाभळीचा आहे, आणि मूठ धरायची जागा बाकीच्यापेक्षा बारीक झालीय. कुणी तासून बारीक केलेला नाही तो, हातानं झालाय.

आजी सांगते कोंबडा आरवायच्या आधी उठायचं, समोर सासू नाहीतर जाऊ, मधे जातं, एकीनं ओढायचं दुसरीनं ढकलायचं आणि ढकलता ढकलता जात्याच्या तोंडात मूठमूठ वैरण, म्हणजे दाणे, टाकत राहायचं. खाणारी दहा-बारा तोंडं, रोज पायलीभर ज्वारी नाहीतर बाजरी. आठवड्याचं एकदम दळून ठेवलं तर का चालायचं नाही असं मी विचारलं, तर म्हणाली पीठ शिळं झालं की त्याची विरी जाते, थापताना भाकरीला चिरा पडतात, तव्यावर उचलून टाकेपर्यंत हातात तुटते. म्हणून रोज. आणि मधून मधून जात्याला टाकी लावून घ्यायला लागायची, दगड गुळगुळीत झाला की दाणा नुसता सरकतो, पीठ पडत नाही, ते काम करणारी माणसं गावोगाव हाळी देत फिरायची.

ओव्यांबद्दल मी तिच्या किती मागं लागले. कॅमेरा लावला, माईक लावला, म्हटलं एखादी तरी म्हण. ती म्हणे, "हात हलल्याबिगार तोंड कसं हलंल गं?" शेवटी परड्यात पडलेलं जातं आम्ही धुऊन आत आणलं, आई तिच्या समोर बसली, थोडे फेरे झाले आणि मग जे सुरू झालं ते थांबेचना, भाऊ, माहेरची वाट, पंढरी, मुंबईला गेलेला धनी, सगळं एकामागून एक. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यातून अशा एक लाखाच्या वर ओव्या गोळा केल्यात, गाणाऱ्या बाईच्या नावानिशी, गावानिशी. लाखभर ओव्या, आणि त्या रचल्या गेल्या दळता दळता, त्या बायकांना त्यासाठी वेगळा वेळ कुणी दिला नव्हता.

११ डिसेंबर १९६७. कोयनेचा भूकंप, पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी. लोक साखरझोपेत होते असंच सगळीकडं सांगतात. आजी झोपेत नव्हती, ती जात्यावर होती.

"आदी वाटलं जातंच घरघरतंय. मी हात थांबिवला तर घरघर काय थांबंना."

मग उतरंडीची मडकी खाली आली, आढ्याची माती डोक्यावर पडायला लागली, माझे वडील तेव्हा पाळण्यात होते त्यांना उचलून ती अंगणात पळाली. कोयनानगरला घरं जमीनदोस्त झाली, माणसं गेली, आमच्या गावात तेवढं काही झालं नाही, फक्त माजघराच्या भिंतीला भेग गेली ती अजून आहे. मी तिला विचारलं मग उजाडल्यावर काय केलंस, मला वाटलं ती भीतीबद्दल सांगेल, रडण्याबद्दल सांगेल. ती म्हणाली, "काय करणार, पीठ सांडलं हुतं. मातीत गेलं ते गेलं, वरलंवरलं चाळून घेतलं. पोरास्नी भूक लागली हुती."

[भेगेवरून कॅमेरा सरकत चुलीच्या कोपऱ्यापर्यंत.]

आबा, म्हणजे माझे आजोबा, मुंबईला गिरणीत होते, साचाखात्यात. माण-खटावमधल्या किती घरांची ही गोष्ट आहे, पुरुष मुंबईला, गावकीच्या खोलीत राहायचे, खानावळीत जेवायचे, आणि बाई इथं घर, रान, गुरं, म्हातारी माणसं, सगळं बघायची. महिन्याला मनीऑर्डर यायची, खालच्या चिटोऱ्यावर दोन ओळी, त्या पोस्टमनच वाचून दाखवायचा. घरात कमावतं माणूस कोण म्हटलं की सगळे आबांचं नाव घ्यायचे.

१९७१ ला जनगणना झाली. त्यात माणसाचं मुख्य काम काय असा प्रश्न होता. आता मुख्य काम काय विचारल्यावर बाई काय सांगणार, सांगणार घरकाम, आणि बऱ्याचदा तर तिला विचारलंच जायचं नाही, ओट्यावर बसलेला दीर नाहीतर सासरा सांगून मोकळा. त्या जनगणनेत देशभरात काम करणाऱ्या बायकांचा आकडा आधीच्यापेक्षा एकदम खाली आला तो मुख्यतः प्रश्न बदलल्यामुळं. रानात भांगलायला जाणारी, खळ्यावर राबणारी बाई कागदावरून काम न करणारी झाली.

आणि पुढच्याच वर्षी दुष्काळ पडला.

[उघडाबोडका रस्ता, दोन्ही बाजूला बाभळी.]

७२ चा दुष्काळ. या भागात आजही म्हाताऱ्या माणसांची कालगणना तिथून चालते, बहात्तरच्या आधी, बहात्तरच्या नंतर. आड आटले, गुरं कवडीमोलानं गेली. सरकारनं दुष्काळी कामं काढली, रस्ते, पाझर तलाव, नालाबांध. वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमीची कल्पना तेव्हा राज्यभर आली, पुढं १९७७ ला त्याचा कायदा झाला आणि २००५ ला तसाच कायदा सगळ्या देशासाठी झाला. पण आजीला पागे माहीत नाहीत, कायदा माहीत नाही, तिला माहीत आहे ती खडी.

हा रस्ता, ज्यावर आता एसटी जाते, त्याची खडी तिनं आणि गावातल्या बायकांनी फोडलीय. सकाळी चूल आटपून भाकरी फडक्यात बांधायची, तान्हं पोर बरोबर घ्यायचं, बाभळीला वाकळेची झोळी बांधून त्यात टाकायचं, आणि ऊन चढेपर्यंत हातोडी. बोटांना चिंध्या गुंडाळायच्या तरी कपच्या उडून लागायच्याच. तिच्या डाव्या भुवईच्या वर एक बारीक पांढरा व्रण आहे, क्लोजअपमधे दिसेल तुम्हाला, तो खडीचा आहे, थोडक्यात डोळा वाचला. पोरांना सुकडी मिळायची. रेशनला लाल मिलो यायचा, त्याच्या भाकरीचं नाव काढलं की आजी आजही तोंड वाकडं करते. आणि संध्याकाळी घरी आल्यावर पाणी, सरपण, चूल, सासूचे पाय चेपायचे, ते कुणी माफ केलेलं नव्हतं.

हप्त्याला पगार व्हायचा. कारकून मस्टर, म्हणजे हजेरीचं पुस्तक, उघडून नाव पुकारायचा. आजीचं नाव, नवऱ्याचं नाव, किती दिवस भरले, किती रुपये, आणि शेवटी अंगठा.

तिच्या तोंडून हे ऐकताना मला जाणवलं की नाव पुकारलं जाण्याबद्दल ती जास्त बोलते, पैशाबद्दल कमी. लग्न झाल्यापासून तिला तिच्या नावानं कुणी हाक मारलीच नव्हती. सासरी ती अमक्याची सून, मग अमक्याची बायको, मग अमक्याची आई. आणि इथं भर रस्त्यात, शंभरभर माणसात, एक सरकारी माणूस मोठ्यांदा तिचं नाव घेतोय. "पयल्यांदा तर मला कळंनाच कुणाला हाक मारतुय," ती सांगते. "संगती बसलेली म्हनली, अगं जा की, तूच हाईस."

त्या पैशातून तिनं धान्य आणलं, मिरच्या आणल्या, आणि एक जर्मनचं, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचं, भगुलं घेतलं. हे बघा, अजून वापरात आहे. बूड दोनदा बदललंय. आई कितीदा म्हणाली आत्या आता टाकू या हे, स्टीलची एवढी भांडी आहेत घरात. आजी हो म्हणत नाही.

मी ज्या ज्या कागदांचा शोध घेतला त्यात तिला कामगार म्हणणारा हा एकच. तो पण दुष्काळ होता म्हणून.

[जुन्या पत्र्याच्या पेटीवर दुमडून ठेवलेल्या वाकळा.]

१८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखाच्या आसपास कामगार. मनीऑर्डर थांबली. आबा काही महिन्यांनी गावी आले ते परत गेलेच नाहीत, बोलणं कमी झालं त्यांचं, ओट्यावर बसून असायचे. पुढची बरीच वर्षं घर चाललं ते आजीच्या शेळ्यांवर, दुसऱ्यांच्या रानातल्या रोजगारावर आणि या वाकळांवर. जुनी लुगडी, धोतरं, फाटके सदरे, सगळं थरावर थर घालून कडेकडेनं आत टाके घालत जायचं, एक मोठी वाकळ म्हणजे हाताला कित्येक दिवसांचं काम. लोक कापड आणून द्यायचे, ती शिवून द्यायची, बदल्यात कुणी ज्वारी द्यायचं कुणी पैसे. त्या काळात सुद्धा कमावतं माणूस कोण विचारलं तर ती स्वतःच सांगायची, "मालक हाईत की."

यावर मला खूप बोलायचं होतं तिच्याशी. पण ती त्या विषयावर बोलत नाही, उठून जाते, आबांबद्दल कमी-जास्त ऐकून घेत नाही. ते मी तसंच ठेवलंय.

आता जरा माझ्या जन्माच्या आसपासचं. माझी आई अंगणवाडी सेविका. १९७५ ला देशात ही योजना सुरू झाली आणि गावोगाव अशा बायका उभ्या राहिल्या, मानधनावर, पगारावर नाही. आई सकाळी गावातली पोरं सांभाळायला जायची आणि आम्हाला भावंडांना आजी सांभाळायची. म्हणजे गावाची पोरं आईकडं, आईची पोरं आजीकडं, आईच्या कामाला निदान मानधन हा शब्द होता, आजीच्या कामाला तोही नव्हता, आणि आजी नसती तर आईचं काम एक दिवस चाललं नसतं हे आई स्वतः सांगते.

[न्हाणीघर. आजी पाटावर बसलेली, पाय लांब केलेले.]

हा सीन माझ्या बहिणीच्या मुलीचा आहे, आजीच्या पणतीचा. आजीचे गुडघे दुखतात, डॉक्टरांनी खाली बसायचं नाही असं सांगितलंय, तरी बाळाची पहिली अंघोळ तिनंच घातली. बघा, आधी कोपर पाण्यात घालून बघते, तळहात नाही, तळहाताला इतक्या वर्षांत चटका कळेनासा झालाय म्हणते. दोन्ही पाय जुळवून पन्हाळ केली, बाळाला त्यावर पालथं घातलं, मान घोट्याजवळ एका बाजूला वळवली म्हणजे नाका-तोंडात पाणी जात नाही. तेल आधीच जिरवलेलं आहे. पाणी डोक्यावरून सोडताना कपाळावर हात आडवा धरते म्हणजे डोळ्यात जात नाही. बाळ रडतंय पण तिची काही गडबड नाही. गावात अशी कितीतरी माणसं आहेत, काहींचे केस पांढरे झालेत, ज्यांना तिनं असंच पायावर घेतलंय. बाळंतीण घरी आली की लोक आधी हिला बोलवायचे.

हे काम किती जोखमीचं आहे, त्यात किती समज लागते ते या दोन मिनिटांत दिसतं म्हणून मी तो सीन कापला नाही, एडिटिंग करणारा मित्र लांबलाय म्हणत होता तरी.

पुढं घरात गॅस आला, मिक्सर आला, गावात चक्की तर आधीच आली होती, अंगणात नळ आला. मला वाटायचं की मग आजीचा दिवस मोकळा झाला असेल. तिचं जातं सुटलं, डोक्यावरचा हंडा सुटला, धूर सुटला (धुरानं डोळ्यांना पाणी यायचं ते मात्र अजून जात नाही), पण तो सगळा वेळ परत घरातच गेला, नातवंडांना, मग अंथरुणाला खिळलेल्या आबांना, त्यांचं शेवटचं दीड वर्ष सगळं तिनं एकटीनं केलं. आणि हे फक्त आमच्याच घरात नाही. २०२४ च्या सरकारी वेळ वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यातला रोजचा वेळ निघाला २८९ मिनिटं, आणि जे पुरुष घरकाम करतात त्यांचा ८८ मिनिटं. बायकांचा आकडा पाच तासांना थोडाच कमी आहे, रोज, रविवार धरून.

या वेळेची किंमत कोर्टात मात्र लावली गेलीय, बाई गेल्यावर. अपघातात गृहिणी गेली तर नुकसानभरपाई किती द्यायची म्हणून. लता वाधवा खटल्यात २००१ ला सुप्रीम कोर्टानं गृहिणीच्या कामाचं मोल महिना ३ हजार रुपये धरलं, आणि ६२ ते ७२ वयाच्या बायकांचं वर्षाला २० हजार, ते पण आधी १० हजार धरलेलं वाढवून. म्हणजे आजीसारख्या म्हाताऱ्या बायका. वर्षाला २० हजार. पुढं २०१० ला त्याच कोर्टानं जनगणनेवर ताशेरे ओढले, कारण २००१ च्या जनगणनेत घरकाम करणाऱ्या बायकांना भिकारी, कैदी यांच्या गटात घालून उत्पादक काम न करणारे असं म्हटलं होतं. मी हा भाग आजीला वाचून दाखवला. तिनं ऐकलं आणि विचारलं, "कोरटातल्या मान्साच्या घरी भाकरी कोण करतंय?" खरंच विचारत होती ती.

जमिनीचं पण सांगायला पाहिजे. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली होती, बायकोच्या नावानं थोडी तरी जमीन करा म्हणून, किती शेतकऱ्यांनी केली पण. आमच्याकडं ते झालं नाही. सातबाऱ्यावर आजीचं नाव लागलं ते आबा गेल्यावर, वारस म्हणून, मुलांच्या बरोबरीनं, ज्या रानात ती तेव्हा पन्नासएक वर्षं राबत होती.

सही मात्र तिनं त्याच्या आधीच शिकली. म्हसवडला १९९७ ला चेतना सिन्हा यांनी बायकांची माणदेशी बँक सुरू केली. आधी परवाना मिळाला नव्हता, कारण काय तर पुढं आलेल्या बायकांना लिहिता-वाचता येत नाही. त्या बायका मागं हटल्या नाहीत, शिकल्या, आम्ही तोंडी व्याज काढून दाखवतो म्हणाल्या. ती बँक झाल्यावर गावातल्या बायका खाती काढायला लागल्या तशी आजीही गेली. माझ्या पाटीवर, माझ्याबरोबर बसून तिनं नाव गिरवलं. पासबुकावर पहिली सही आहे ती थोडी रेघेच्या खाली उतरलेली, पण अंगठा नाही.

[पासबुक. मग ओट्यावर लसूण सोलत बसलेली आजी.]

आता २०२७ ची जनगणना आहे, संदर्भ तारीख १ मार्च २०२७. प्रगणक दारात येणार आणि परत तोच प्रश्न विचारणार. मी आजीला आत्ताच विचारून बघितलं, काय काम करतीस म्हटलं तर काय सांगशील. लसूण सोलता सोलता म्हणाली, "काय न्हाय, घरीच असते म्हनंन."

तेव्हा मी तिला मागच्या जनगणनेतली कामाची व्याख्या सांगितली. घरच्या शेतात बिनपगारी केलेलं काम हे काम आहे. थोडा वेळ केलं तरी काम आहे. घरी खायला म्हणून पिकवलं तरी काम आहे, घरच्यापुरतं दूध काढलं तरी काम आहे. पण हे सांगितलं नाही तर प्रगणक लिहिणार कसं. स्वयंपाक, लहान पोरं, आजारी माणसं यांना त्या व्याख्येत जागा नाही, आणि मला ते अजिबात पटत नाही, त्यासाठी भांडायला पाहिजे आणि भांडणारी माणसं आहेत. पण जेवढं बसतं तेवढं तरी हक्कानं सांगू या.

आजीनं हात थांबवला आणि मोजायला लागली. दोन शेळ्या, सकाळ-संध्याकाळ दूध. ज्वारीची भांगलण, अजूनही तासभर का होईना जाते. शेंगा फोडून बी काढायचं. राखण.

आमच्या घरात ठरलंय की प्रगणक आला की बाकीच्यांनी आत जायचं, ओट्यावर आजी बसणार आणि उत्तरं तीच देणार. तुमच्याही घरात अशी कुणी असेल तर तिच्याशी हे आधी बोलून ठेवा, आणि तिच्या वतीनं घाईघाईत "काही करत नाही" असं कुणाला सांगू देऊ नका.